बिडी सुटली, बोलणं तुटलं

क्षय नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा मला वाईट वाटलं.

छातीचा फोटो स्वच्छ होता, थुंकीतही काही निघालं नव्हतं. शमीमनं, म्हणजे माझ्या बायकोनं, दवाखान्याच्या व्हरांड्यातच हात वर करून अल्लाचे आभार मानले. घरी येताना तिनं हॉटेलातून गरम जिलबी बांधून घेतली. मी तिच्या मागून चालत होतो आणि मनात म्हणत होतो, क्षय असता तर बरं झालं असतं. माझ्या उदासीला निदान एक नाव मिळालं असतं. लोक म्हणाले असते, बिचारा आजारी आहे. आता मी लोकांना काय सांगणार होतो?

आमच्याकडे खोकला सगळे दवाखान्यात दाखवतात. मन कोणी दाखवत नाही. बिडीचा खोकल्याशी संबंध आहे हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मनाशीही आहे, हे मला पन्नाशी गाठल्यावर कळलं. ते दुसऱ्या कोणाला जरा लवकर कळावं म्हणून हे लिहायला बसलो आहे. मी लेखक नाही, शिंपी आहे. शिवण कुठं वाकडी गेली तर सांभाळून घ्या.

माझी बिडी

गोंडपिपरीत बाजाराच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. लोक मला हनीफमास्तर म्हणतात. शाळेचे गणवेश, लग्नसराई, ईद, दिवाळी, यात वर्ष निघून जातं. गावात माझ्या कात्रीपेक्षा माझ्या जिभेचं नाव मोठं. एखाद्या गिऱ्हाइकाचं पोट सुटलेलं असलं की मी त्याला काही बोलत नसे, हातातल्या टेपलाच विचारत असे, "पुरशील का बापा?" गिऱ्हाईकही हसायचं आणि कपडे पुन्हा माझ्याकडेच टाकायचं.

माझी बिडी मिशीच्या आधीची. देवाजीची आणि माझी एकाच दिवशी सुरू झाली. देवाजी शाळेपासूनचा सोबती, गावाबाहेर त्याची धानाची शेती. सकाळी बैलांचं चारापाणी आटोपलं की तो दुकानात येऊन बाकावर बसायचा. एका काडीवर दोघांच्या बिड्या पेटायच्या आणि मग गप्पागोठी सुरू. त्याच्या मागं आणखी दोनचार जण जमायचे. आम्ही बिडी ओढायला बसायचो की बोलायला, हे कोणी कधी वेगळं करून पाहिलं नव्हतं.

उदासी नेमकी कुठून आली, ते मला आजही सांगता येत नाही. मोठं काही घडलं नव्हतं. एकुलती मुलगी लग्न होऊन बल्लारपूरला गेली होती, तेही राजीखुशीनं. पण सकाळी उठलो की अंगावर ओली गोधडी टाकल्यासारखं वाटायचं. बिडी पेटवली की ती गोधडी जरा सरकायची. थोड्या वेळानं पुन्हा अंगावर. मग पुन्हा बिडी. दिवसाचं बंडल दुपारीच संपू लागलं, आणि खोकल्यानं मशीनवर बसणं कठीण झालं. म्हणून ती तपासणी.

क्षय नाही म्हणाल्यावर डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "बिडी आजपासून बंद. आणि ओढणाऱ्यांच्या घोळक्यात बसायचं नाही." हे त्या मला म्हणाल्या, पण ऐकलं शमीमनं. आमच्या गल्लीत दवंडीवाला लागत नाही, शमीम पुरते. संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला कळलं की मास्तरजवळ बिडी न्यायची नाही.

रिकामा बाक

बिडी मी एका झटक्यात सोडली. हट्टीपणा आमच्या घराण्यातला आहे. हात थरथरायचे, डोकं जड व्हायचं, पण ते सोसलं. न सोसवणारी गोष्ट वेगळीच होती. दुकानात कोणी येईना.

देवाजी आला नाही. बाकीचेही आले नाहीत. बाक तसाच रिकामा. मी वाट पाहायचो, मग वाट पाहणंही सोडलं. मला वाटलं, माझ्याजवळ बिडी होती तोवर माणसं होती. इतक्या वर्षांची यारी, आणि किंमत एका काडीची! तोवर उदासी नुसती सकाळची पाहुणी होती, आता ती दिवसभर बसून राहू लागली.

माझं बोलणं आटलं. गिऱ्हाइकाला माप सांगायचं तेवढंच. मग तेही नको वाटू लागलं. दुपारी भिंतीकडे तोंड करून पडायचो. कापडाचे ढीग तसेच, गिऱ्हाइकं दारावरून परत. शमीम त्यांना सांगायची, ताप आहे. पुढं पुढं लोक विचारू लागले, हा कोणता ताप बाई, उतरतच नाही?

तिनं काय काय केलं नाही! नवस बोलली, ताईत आणला, माझ्या आवडीचं मटण रांधलं. मी चार घास खाऊन ताट सरकवायचो. शेजारणी म्हणायच्या, "बिडी सोडली तेव्हापासून मास्तरचं हे असं झालं बाई. बिडीच त्याले धरून होती." शमीमला ते पटत गेलं. मलाही पटलं होतं, खोटं कशाला बोलू.

ओव्याची बिडी

मग सिरोंच्याहून माझी सासू आली. अम्मानं उमर बिड्या वळण्यात घालवली. सिरोंच्याकडच्या आमच्या लोकांत बायका घरी बसून ठेकेदाराच्या बिड्या वळतात. अम्माची बोटं रिकामी असली तरी वळल्यासारखी हलत असतात. शमीमनं एसटीडीवरून फोनवर रडून सगळं सांगितलं होतं. अम्मा येताना तेंदूची पानं भिजवून, फडक्यात गुंडाळून घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सुपात पानं घेऊन बसली. कात्रीनं एकसारखी कापली, वळली, दोरा बांधला. बिड्या इतक्या सुरेख की दुकानातल्या लाजाव्यात. माझ्यापुढं धरून म्हणाली, "इसमें तमाखू नई है बेटा, अजवाइन है. बिडी की बिडी, दवा की दवा."

जावयाला बिडीही मिळावी आणि छातीही वाचावी, असा तो बेत होता. तिचं मन मोडायला नको म्हणून मी पेटवली. पहिला झुरका घेतला आणि वाटलं, कोणीतरी छातीत फोडणी दिली. मी खोकून खोकून वाकलो, डोळ्यांतून पाणी. अम्मा मात्र खूश. "देख, देख शमीम, कफ निकल रहा है!"

शमीमला हसू आवरेना. तोंडात पदर घालून ती आत पळाली. आणि मी तिथं बसून होतो. यात हसण्यासारखं आहे हे मला दिसत होतं. एरवी या एका गोष्टीवर मी महिनाभर दुकान चालवलं असतं. पण हसू येत नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. खोकल्याची वाटली नव्हती एवढी.

अम्मा गेली. काही दिवसांनी शमीम डोक्यावरून पदर घेऊन स्वतः पानठेल्यावर गेली आणि बिडीचं बंडल घेऊन आली. या बाईनं सगळं आयुष्य माझ्या बिडीशी सवतीसारखं वैर केलं होतं. बिडीच्या वासापायी मला कितीदा ओसरीवर झोपवलं होतं. तीच आता चुलीपुढं बसली, निखाऱ्यावर बिडी पेटवली, आणि माझ्यापुढं धरली.

आमच्या घरात हिंदी आणि इथली बोली यांची खिचडी असते. रागात आणि रडण्यात शमीमला बोलीच सुचते.

"घ्या. ओढा," ती म्हणाली. "खोकून मेले तरी चालन. पन असे जित्तेपनी मरू नका. बोला न माह्याशी काईतरी."

मी बिडी घेतली. दोन झुरके मारले. म्हणालो, "चहा दे."

तेवढ्यावर ती रडली. चहा करता करता रडत होती. मला वाटतं, माझ्यावर जगात कोणी एवढी माया केली नसेल, आणि ती मायाच चुकली होती.

दवाखान्यातले दिवस

चारपाच दिवस मी जरा उठून बसलो. शमीमला वाटलं, जिंकलो. पण बिडी परत आली ती पूर्वीपेक्षा जोरानं, आणि ओली गोधडी काही गेली नाही. आता घरात दोन्ही होत्या. खोकला तर असा की बोलायचं म्हटलं तरी दम पुरेना. एका सकाळी दुकानाच्या पायरीवर मी खाली बसलो आणि श्वासच घेता येईना. शेजाऱ्यांनी जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथं मला ठेवून घेतलं. वॉर्डात सकाळी फिनाइलचा वास, मग सिस्टरची गडबड, सुई, वाफारा, दूध-ब्रेड. सुई टोचताना सिस्टर म्हणायची, "मास्तर, तुमी लोकाइले टोचता, आता आमची बारी." मी मान हलवायचो. शमीम पलंगाखाली चटई टाकून बसलेली. दम दोन दिवसांत हलका झाला. मी मात्र छताकडे पाहत पडलेला.

हे डॉक्टरीणबाईंच्या ध्यानात आलं. त्या वयानं माझ्या मुलीएवढ्या, साताऱ्याकडच्या. दुपारी वॉर्ड शांत झाल्यावर स्टूल ओढून माझ्याजवळ बसल्या. "मास्तर, छाती सुधारतेय. तुम्ही का सुधारत नाही?"

मी भिंतीकडे कूस वळवली. त्या उठल्या नाहीत. झोप लागते का, जेवण जातं का, कशात मन रमतं का, असं हळूहळू विचारत राहिल्या. बिडीच्या आधीपासून असं वाटत होतं, की बिडी सोडल्यावर? मी म्हटलं, आधीपासून. मग कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "तुमी क्षय नाई म्हटलं न, तवा मले वाईट वाटलं. कधी कधी वाटते, सकाळी डोळेच नाई उघडले तर बरं होईन."

चटईवर शमीम होती. तिनं माझा पाय घट्ट धरला.

डॉक्टरीणबाई दचकल्या नाहीत. "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या. "हा आजार आहे मास्तर. खोकल्याइतकाच खरा. याला डिप्रेशन म्हणतात, आणि याला औषध आहे."

"मी पागल झालो का?" मी विचारलं. आमच्याकडे मनाचा आजार म्हणजे नागपूरचं पागलखानं, दुसरं काही माहीत नाही.

"मुळीच नाही. असे रोज येतात माझ्याकडे. कोणी डोकं दुखतं म्हणून, कोणी पोट, कोणी खोकला. खालचं दुखणं सांगत नाहीत." मग जरा थांबून म्हणाल्या, "बिडी आणि ही उदासी म्हणजे एका घरातल्या जावा आहेत. एक रुसली की दुसरी तिची समजूत घालायला येते. तुम्हाला वाटतं समजूत घालतेय. ती तिचे आणखी कान भरत असते. तुमचं मन पडलं की तुम्ही बिडी पेटवता, ती क्षणभर बरं वाटू देते, आणि तिचा असर उतरला की मन होतं त्याहून खाली जातं. मी एकीलाच घराबाहेर काढायला सांगितलं. दुसरीची चौकशीच केली नाही. ती माझी चूक."

डॉक्टरनं चूक कबूल केलेली मी तोवर पाहिली नव्हती. मी जरा उठून बसलो.

"बिडी कोणाबरोबर ओढायचात?" त्यांनी विचारलं.

शमीमनंच उत्तर दिलं. "देवाजीभाऊ. पन तो आता येतच नाई."

"त्यांना बोलवा. बिडी नको आहे, देवाजी हवेत."

दारात उभा देवाजी

दुसऱ्या दिवशी देवाजी आला. वॉर्डाच्या दारातच उभा राहिला. धुतलेला शर्ट, तेल लावलेले केस, जसा काही मुलगी पाहायला आला होता.

"आत ये न," शमीम म्हणाली.

"नाई बाई, इथीच बरा आहो. माह्या अंगाले बिडीचा वास येते. साबनानं दोनदा आंघोळ केली, तरी जाऊन नाई राह्यला."

मी उठून बसलो. पण तोंडातून निघालं ते वाकडंच. "आज कशी आठवन आली? इतके दिवस कुठी होता?"

"कुठी म्हंजे?" देवाजी भडकला. "डॉक्टरीनबाईनं सांगतलं न, बिडीवाल्याइनं मास्तरजवळ जायचं नाई? मले पाहून तुले तलफ आली असती. म्हनून मी तुह्या दुकानापुढून जानंच सोडलं. मागून, नाल्याच्या वाटेनं जातो बाजारात. चिखलात दोनदा पडलो. आन हा मले विचारते कुठी होता!"

तो चिखल मी आजही विसरत नाही. मला वाटत होतं यार फिरला, आणि यार माझ्या छातीसाठी नाल्यातून चालत होता. सगळ्यांनीच माझ्यावर जीव लावला होता, आणि त्या जीवापायी मला एकटं पाडलं होतं. मी त्याला हात केला. तो आला, पलंगाच्या कडेला टेकला, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला. बिडीशिवाय त्या हातांचं काय करायचं हे त्याला समजत नव्हतं.

गोळी, आणि काज-बटण

गोळीबद्दल सांगतो. ती जादू नव्हे. पहिले काही दिवस तोंड कोरडं पडलं आणि झापड येत राहिली, बाकी काही नाही. मी सोडायला निघालो होतो. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की असं वाटेल, तरी घ्या, आणि मनानं बंद करू नका. शमीम पहारेकऱ्यासारखी समोर उभी राहून गिळवायची. काही आठवड्यांनी एका सकाळी गोधडी नेहमीपेक्षा हलकी वाटली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जड. असंच पुढंमागं होत राहिलं.

देवाजी रोज येऊ लागला. त्याला तलफ आली की तो उठून बाजाराच्या पार टोकाला जायचा, ओढून, चूळ भरून, तोंड धुऊन परत यायचा. रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून मी त्याला बटणं लावायला दिली. नांगराचा हात तो! सुईत दोरा ओवायलाच सकाळ जायची. शाळेतल्या एका मास्तरच्या पोराच्या शर्टाला त्यानं बटणं अशी लावली की वरचं बटण खालच्या काजाला. मी मुकाट्यानं उसवून पुन्हा लावायचो. दाभण म्हटलं तर चालवील, सुई म्हटलं की बोटातून रक्त. तरी येत राहिला.

एकदा माझा पाय घसरला. मुलगी बाळंतपणाला यायची होती ती आली नाही, सासरीच राहिली. त्या दिवशी पानठेल्यावर गेलो आणि ओढली. डॉक्टरीणबाईंना जाऊन सांगितलं, वाटलं रागावतील. त्या म्हणाल्या, "ओढायच्या आधी मनात काय चाललं होतं?" बिडीच्या आधी मनाला विचारायचं, ही सवय मला तिथून लागली. आज हे वाचणाऱ्या कोणाचं तसंच चाललं असेल तर एवढंच सांगेन: दवाखान्यात गेलात की छातीबरोबर मनाचंही सांगा. आणि तुमच्या माणसानं बिडी सोडली असेल तर बिडी लांब ठेवा, स्वतः लांब जाऊ नका.

पण माझं बोलणं काही पूर्वीसारखं येत नव्हतं. विचारलं तेवढं बोलायचो, गोड बोलायचो, सगळ्याला हो म्हणायचो. भाजीत मीठ नसलं तरी चांगली झाली म्हणायचो. शमीम माझ्याकडे पाहत राहायची. मशीन चालत होती, छाती साफ होती, तरी तिच्या डोळ्यांतली धास्ती गेली नव्हती.

मग एक दिवस

लग्नसराई तोंडावर आली होती. सकाळी दुकान उघडून पाहतो तर कापडाचा हा डोंगर. सफारी, शर्ट, पॅन्ट, पोरांचे कुर्ते, बायकांची पोलकी. मी दिसेनासा झालो त्याच्यामागं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"देवाजीभाऊच्या पुतन्याचं लगन आहे न," शमीम दारातून म्हणाली. "पूर्ण वऱ्हाडाचे कपडे. काल तुमी पडले होते तवा ठेवून गेले. मी हो म्हटलं."

"मले विचारलं काऊन नाई?"

"विचारलं असतं तर तुमी हो म्हटलं असतं. तुमी आजकाल सगळ्याले हो म्हनता."

"अरे पन लगन कवा आहे? इतके कपडे कोन शिवन? तुहा बाप?"

"माह्या बापाले काऊन काढता? मी शिवीन!"

"तू? तुले काज तरी येते का? उशीची खोळ शिवली होती तवा उशी आत गेली नाई न!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आन मापं? मापं कुठी आहेत? वऱ्हाड काय एका मापाचं आहे का? तो नवऱ्याचा मामा पाहिला का? त्याले सफारी म्हंजे तंबू शिवा लागते! टेप पुरत नाई त्याले, दोर आना लागते विहिरीचा!"

आवाज ऐकून रस्त्यावरची माणसं थांबली. देवाजी बाजाराच्या टोकाहून पळत आला, चूळ भरायचीही त्याला शुद्ध नव्हती. "काय झालं? काय झालं बाई? मास्तरले काई झालं का?"

शमीम कापडाच्या ढिगावरच बसली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू.

"काई नाई झालं भाऊ," ती म्हणाली. "भांडून राह्यले माह्याशी."

देवाजीनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तो बाकावर बसला. मी ओशाळून गप्प झालो. तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे मान वर केली.

"थांबले काऊन? भांडा न."